अकरा दिवस

मानापुरे मॅडम रिटायर होऊन सहा वर्षं झाली
आणि परवा नवीन आलेले दोनाडकर सर
मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणतात,
उरकुडे, बघा, एकशे सत्त्याऐंशी.
मी म्हटलं, काय एकशे सत्त्याऐंशी? धानाचे पोते?
म्हणाले, सायटेशन. मॅडमच्या एकाच पेपरचे.
म्हणजे एवढ्या जणांनी लिहून ठेवलंय
की ही गोष्ट आधी सिंदेवाहीच्या कॉलेजात झाली.

सिंदेवाही त्यात छापलंय.
स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं.

बाकीचे पेपर एकोणीस.
लग्नाआधीचे मानापुरे, नंतरचे ठवरे.
मशीनच्या हिशेबी त्या दोन बाया,
एकीची दुसरीशी ओळख नाही.
ठवरेबाईच्या कुठल्या पेपराला तीन, कुठल्याला पाच,
आणि एकाला कोणीच नाही.
कोबाल्टचा तो,
ज्याच्यासाठी मी अख्खा पावसाळा
गुलाबी कागद निळा व्हायची वाट पाहिली.

आता मला जेवढं समजतं तेवढं सांगतो.
त्या साली तांब्याचं मीठ आणि एक कडू वासाचं तेल
स्पिरिटात घालून मॅडम महिनाभर ढवळत होत्या.
दरवेळी हिरवी पूड.
पुडीत आतलं घर दिसत नाही, त्या म्हणायच्या,
खडा पाहिजे. एक. अख्खा.
दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी वीज गेली,
ढवळायचं मशीन थांबलं,
मॅडमनी बीकरच्या तोंडाला फिल्टर पेपर बांधला,
मी सेफ्टी पिनेनं सात भोकं पाडली
आणि चिठ्ठी लावली: धुऊ नये.

सुट्टी आठ दिवसांची. किल्ली माझ्याकडं.
दुसरी किल्ली ऑफिसात होती, म्हणजे नव्हती.
आणि नवरगावला बहिणीकडं मंडई!
एका रात्री नाटक, दुसऱ्या रात्री दुसरं,
मग भाच्याला ताप.
आलो तेव्हा अकरावा दिवस.
मॅडम तिसऱ्या सकाळी पायरीवर बसलेल्या.
शिव्या त्यांना येत नव्हत्या.

कुलूप काढलं.
बीकरच्या तळाशी मुगाएवढे खडे,
मोरपिसाच्या डोळ्याभोवती असतो ना, तो हिरवा.
मॅडम बोलल्या नाहीत.
चिठ्ठी तेवढी काढून पदराला पुसली, काऊन कोणास ठाऊक.

चार खडे कापसात घालून डब्यातून नागभीडला,
तिथून छोट्या लाईननं नागपूर, कोणाच्या तरी हाती मद्रास.
धान कापून झाला, उन्हाळी लागली, तेव्हा चित्र आलं:
दोन तांबे, मधे एक ऑक्सिजन,
जात्याचा खुंटा दोघींनी धरावा तसा.
पेपरात मॅडमनी लिहिलं, अकरा दिवस, न हलवता.

आणि आता कोणी कोरियातून, कोणी इराणातून लिहितो,
मानापुरे यांच्या पद्धतीप्रमाणे
द्रावण अकरा दिवस झाकून ठेवले.

ब्रह्मपुरीला गेलो मुद्दाम.
मॅडमच्या गुडघ्याला पट्टा, समोर निवडायची मेथी.
म्हटलं, मॅडम, तुमाले माहीत होतं, मी मंडईत होतो.
हो, म्हणाल्या. नंतर करून पाहिलं मी.
सातव्या दिवशीच होतात.
मंग अकरा काऊन लिवलं?
तेव्हा अकरा लागले म्हणून.
जे झालं ते लिहायचं, उरकुडे.

आकडा सांगितला. मेथी निवडत राहिल्या.
थोड्या वेळानं म्हणाल्या, कोबाल्टचा कोणी वाचला का?
मी भाच्याची गोष्ट काढली, तो आता एसटीत आहे.

परतताना बसमध्ये मनात आलं,
कोरियातला तो पोरगा
भोकं पाडून, चिठ्ठी लावून, कुलूप घालून
अकरा दिवस जातो कुठं?
त्याच्या बहिणीच्या गावी
मंडई भरते का?