जबाब, दार

नाव रिमगाउदास. धंदा सुतारकी.
दार मीच बसवलं, हे नाकारत नाही.

तळ्याच्या अंगाला, गावाबाहेर,
पूर्वी घोडे शिकवायचे तो तबेला.
काम सांगायला आलेला माणूस शहरी बुटांचा,
चिखल चुकवत चालणारा.
जनावरांसाठी आहे, म्हणाला, मजबूत हवं.
मी विचारलं नाही
की कुठलं घोडं बाहेरून कडी मागतं,
तीही दोन ठिकाणी,
आणि भिंतींना बोटभर जाड नमदा कशाला.
नोव्हेंबर होता. हाताला काम नव्हतं.

दार पाइनचं. ओक त्यांच्या घाईत बसत नव्हता.
लाकूड पुरतं वाळलेलं नाही, मी म्हणालो,
ओल लागली तर फुगेल.
"ओल कुठून येणार?" तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी फोन. दार अडतंय.
बाहेरून ते ठणठणीत कोरडं,
आतून मात्र, खालपासून गुडघ्यापर्यंत,
पाणी पिऊन टम्म.
खोली रिकामी, धुतलेली,
फरशीचा उतार मधल्या जाळीकडे.
दार बिजागऱ्यांतून काढून घोडीवर आडवं घातलं.
(त्या तबेल्यात घोडी मी एकच पाहिली,
माझी, लाकडी.)
रंधा मारला. कुरळ्या ढलप्या निघाल्या, ओल्या.
चुलीसाठी घरी आणल्या, तर पेटेनात,
रात्रभर नुसत्या चुरचुरल्या.

दुसऱ्या खेपेचं बिल एकशे ऐंशी लितास.
ते कुणी दिलं नाही. मी मागितलं नाही.

नऊ वर्षांनी संसदेची समिती.
सात माणसं, एक गार झालेली किटली.
कुणाला पाहिलंत? नाही.
आवाज ऐकलात? नाही.
नमदा चांगला बसला होता. तोही मीच बसवला.
म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही.
मी म्हणालो, दार आतून ओलं होतं.
टिपून घेणाऱ्या मुलीनं मान वर केली.
अध्यक्ष म्हणाले, हे मत झालं, पुरावा नव्हे.

मग परदेशातून आलेल्या वकीलबाईंनी एक कागद वाचला.
इद्रिस बराह्मा नावाच्या माणसाचा.
कुठल्या देशात ठेवलं होतं, त्याला ठाऊक नाही.
डोळे बांधलेले.
"ताज्या लाकडाचा वास होता.
दार अडायचं, उघडायला दोन लाथा लागायच्या.
त्या दोन लाथांत मी छातीभर श्वास घेऊन ठेवायचो.
मग एके दिवशी दार अडेनासं झालं.
त्यानंतर पाणी न सांगता यायचं."

रंधा माझ्या बापाचा.
पातं मी स्वतः लावतो, दर रविवारी.
त्या दिवशी दार इतकं हलकं झालं होतं
की मी ते करंगळीनं लोटून दाखवलं होतं
आणि शहरी बूटवाला म्हणाला होता, वा.

सरकारचं लेखी उत्तर आलं:
सदर जागेचा असा वापर झाल्याची पुष्टी करता येत नाही.
करत नाही, असं नाही. येत नाही.
जणू पुष्टी म्हणजे पोहणं.

तेव्हा मी जुनं बिल काढलं आणि खात्याला पाठवलं.
काम: दार रंधणे. कारण: आतील बाजूस ओल.
तारीख घातली, सही केली.
चार दिवसांत पैसे जमा.
या देशात विधवेची पेन्शनसुद्धा चार दिवसांत येत नाही.
बावन्न युरो, तेरा सेंट. तपशिलाच्या रकान्यात: किरकोळ.

बँकेत जाऊन परत केले.
खिडकीपाशी स्काइस्ते होती, माझ्या शेजारणीची पोर.
परत करण्याचं कारण काय लिहू, काका?
लिही: कशाचे ते लिहा, मग घेतो.

सरकारला लिहिणं सोपं गेलं.
इद्रिस बराह्मांना लिहायला बसतो रोज जेवण झाल्यावर.
नाव लिहितो. खाली, मी तो सुतार, एवढं लिहितो.
पुढे पेन अडतं.
अडू दे.