भरतीचं मॉड्यूल

रात्रीचे दोन. कास्त्रो.
खांबांवर उभ्या घरांखालचं पाणी उतरून गेलंय,
चिखलात तीन पायांची एक खुर्ची उघडी पडलीय,
आणि वर, फेरीबोटींच्या कचेरीत,
मी आठ दिवस झाले
पाच मॉड्यूलांची मोट बांधतेय.

तिकीट लिहिलं मार्सियालने, लग्नाच्या आदल्या आठवड्यात;
चलांची नावं लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी,
कोण कुणाचं, पत्ता नाही.
हवामान राजधानीतून आलं, इस्त्रीच्या घडीसकट.
दर महिन्याला नवी आवृत्ती मागतं
आणि दिली की दुसऱ्याच कुणाचं तरी पोट बिघडतं.
खलाशांच्या पाळ्या एका विद्यार्थिनीच्या हातच्या.
नीट आहेत. तिचे आभार मानायचे राहून गेले.
मालाच्या हिशेबात एक मेंढी म्हणजे शून्य पूर्णांक तीन मोटार.
का, ते मेंढीलाच ठाऊक.

आणि भरती.
भरती रोसामेलची.
तीस वर्षं सुकाणू धरलं, साठीत प्रोग्रॅमिंग शिकला.
एकच फाइल, चार हजार ओळी, मध्येच टीप:
‘इथे हात लावण्याआधी मला विचारा.’
त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.

एकेकटी सगळी शहाणी.
एका छपराखाली आणली
की एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही.
तिकीट भरतीला विचारतं, बोट सुटेल का?
भरती तिकिटाला विचारते, बोट किती भरलीय?
दोघं उंबऱ्यावर अडून, आधी तू सांग, आधी तू,
आणि पडदा काळा.

शेवटी वजन बाहेर काढलं.
एक छोटं सहावं मॉड्यूल,
सगळे त्याला विचारतात, ते कुणालाच काही विचारत नाही.
मला असं माणूस व्हायला आवडलं असतं.

मामाचं घर हलवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
आमच्या चिलोएत घर आख्खंच ओढतात, ओंडक्यांवरून,
बैलांच्या सात जोड्या, उरलेलं गाव दोराला.
सगळ्यात आधी खिडक्या काढल्या.
काचेला वळण सोसत नाही, मामा म्हणाला.
दिवसभर मी एक तावदान मांडीवर धरून
बटाट्याच्या शेतात बसले होते,
आणि त्यातून आमचं घर
जरा वाकडं, चालत गेलं.

पहाटे झाडलोट करताना, लेमुयच्या धक्क्याच्या ओळीत,
एक सात सापडला.
नुसता सात. नाव नाही, टीप नाही.
भरतीच्या वेळेत मिळवलेला, फक्त सोमवारी.
चंद्राला कुठे वार कळतात?
काढून टाकला. सगळ्या चाचण्या हिरव्या.

तरी पहिल्या बोटीच्या नाउएल्कीनला फोन केला.
इंजिनाच्या आवाजात तो बराच वेळ हसला.
‘ती सात मिनिटं एदुविनाची.
सोमवारी लेकाला भेटायला तुरुंगात जाते.
टेकडी उतरायला वेळ लागतो तिला.
आपल्यासाठी बोट थांबते असं कळलं असतं
तर पुन्हा धक्क्यावर पाऊल ठेवलं नसतं.
म्हणून रोसामेलने ते समुद्राच्या अंगावर घातलं.’

अजून येते?
‘येते. आता नऊ लागतात.’

खाली पाणी चढू लागलं, खुर्चीचे पाय बुडाले.
मी सहाही मॉड्यूलं उघडून पाहिली.
तिकिटाचं हे काम नव्हे. पाळ्यांचं नव्हे.
वजनाचं तर नव्हेच.
मग ते होतं तिथेच, भरतीत, परत ठेवलं,
साताचे नऊ करून,
आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं:
लेमुय. सोमवारी समुद्र जरा उशिरा येतो.