येणे बाकी

आमच्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाने
अर्ध्या जगाची छपरं शाकारली,
आणि कुम हेलिगच्या आमच्याच चॅपलमध्ये
तिसऱ्या बाकाशी बादली.
रविवारी उपासना संपली की मी बादली ओततो,
मग पाकिटं मोजतो.
एकोणीस वर्षं खजिनदार आहे.
बोटांना नाण्यांचा वास येतो, साबणाने जात नाही.

वर्षाअखेर एक पातळ पुस्तिका निघते:
नाव, नावापुढे वर्षभराचं देणं, पौंड आणि पेन्स.
लोक प्रवचनं विसरतात, ते पान विसरत नाहीत.
खाण बंद पडली त्या वर्षी
माझ्या वडिलांच्या नावापुढे आडवी रेघ होती.
आई ते पान शेगडीपाशी धरून बसली.
जाळलं नाही.
मी सात वर्षांचा. ती रेघ मला अजून कुठेही दिसते:
कुंपणाच्या तारेत, समुद्र संपतो तिथे,
दाढी करताना आरशात, ओठांच्या जागी.

एलीनेद प्यू. पाकीट नंबर एकेचाळीस.
आठवड्याला तीन पौंड,
इतकं घट्ट चिकटवलेलं की कात्री लागे.
जानेवारीत तिने पियानो विकला
आणि बावन्न पाकिटं एका बैठकीत भरली.
मार्चमध्ये गेली.

पुढच्या रविवारी शेजारचा गेथिन दारात,
फुटबॉलच्या बुटांना चिखल.
"आत येत नाही," म्हणाला,
आणि हातात एकेचाळीस नंबर.
बुटांच्या खोक्यात सगळी पाकिटं
त्याच्याकडे सोपवून गेली होती म्हणे.
दर रविवारी एक. एकदम नाही.
"एकदम का नाही?"
"म्हणाली, देवाला एकरकमी दिलं
की माणूस हात झटकून मोकळा होतो."

आता मेलेल्या सभासदाचं देणं कोणत्या रकान्यात?
हिशेब तपासणारा इदवाल, कानावर पेन्सिल:
"मृत्युपत्राच्या देणग्यांत टाक."
पण तिथे एकदाच लिहायचं असतं.
ही तर दर आठवड्याला येत होती,
कित्येक जिवंतांपेक्षा नेमाने.
मी तिला यादीतून काढलं नाही.
पाळक काही बोलले नाहीत.
त्यांच्याकडे चार चॅपल आणि एक जुनी गाडी.

सप्टेंबरात पाऊस फार झाला.
गेथिनने बूट दाराशी काढले
आणि मागच्या बाकावर बसला,
बादलीत पडणारे थेंब मोजत.
गायला नाही. मीही विचारलं नाही.

डिसेंबरचा शेवटचा रविवार. खोकं रिकामं.
पाकीट हाताला हलकं लागलं.
आत दोन नाणी,
आणि कॅलेंडरचा फाडलेला कोपरा:
"फेब्रुवारी. कोळसा संपला. यातला एक घेतला.
उन्हाळ्यात परत ठेवीन."

उन्हाळ्यात तिच्या मातीवर गवत आलं होतं.

माझा हात खिशाकडे गेला.
एक पौंड. डाव्या हातालाही कळलं नसतं.
रकाना सरळ, नाव स्वच्छ.
नाणं टेबलावर ठेवलं, त्यावर अंगठा ठेवून बराच वेळ बसलो.
मग परत खिशात टाकलं.
कंजूषपणा म्हणा. थोडा असेलही.

वहीत लिहिलं: एलीनेद प्यू, एकशे पंचावन्न.
खाली, लाल नव्हे, साध्याच शाईने:
येणे बाकी, एक.

"ही कोण भरणार?" इदवाल वैतागला. "मिटव की खातं."
राहू दे, म्हटलं.
पुढच्या वर्षी ओढून आणीन, त्याच्या पुढच्याही.
तिचं नि त्याचं अजून काही चालू आहे,
मध्ये पडणारा मी कोण.

दिवे मालवले. बादली ओतायला गेलो,
तर ती रिकामी, पालथी घातलेली,
आणि दाराशी बूट नव्हते.