रवाळ

वार्डो बेटावर डिसेंबरात सूर्य येतच नाही.
दुपारी बाराला आकाश जरा निळं होतं,
शाईची दौत विसळल्यासारखं,
आणि पुन्हा मिटतं.
अशाच एका दुपारी, वृद्धाश्रमातून तासभर बाहेर आणलेल्या बाबांचे
मी धक्क्यावर लागोपाठ तीन फोटो काढले.
तिवई घरी राहिली होती,
म्हणून कॅमेरा दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर पक्का टेकवला.
बाबा काही स्थिर उभे राहत नाहीत,
म्हणून आयएसओ बारा हजार आठशे.

कॅमेऱ्याने प्रत्येक फोटो दोनदा ठेवला:
एक जेपेग, चार एमबीचा, न्हाऊनमाखून तयार,
एक रॉ, एकतीस एमबीचा, पारोसा.

जेपेगमध्ये बाबा तुकतुकीत.
गालावरची खुंटं गेली,
लोकरी टोपीची वीण गेली,
मागचं पाणी गिलावा केल्यासारखं सपाट.
आतल्या त्या इवल्या चिपने
डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं पाखडलं,
आणि कोंड्याबरोबर मूठभर दाणेही
सुपाबाहेर टाकले.
वेचायला जावं
तर अंगणच नाही.

रॉ उघडला तर नुसता कल्लोळ.
काळ्यात हिरवे, जांभळे, तांबूस कण,
रवाळ अंधार,
बाबांच्या कपाळावरसुद्धा रंगीत मुंग्या.
भाचा स्नोरे खांद्यावरून डोकावला:
"मावशी, नॉइजचा स्लायडर ओढ ना,
सगळं जाईल."
तेच तर.

दोन्ही छापून घेतले. शुक्रवारी घेऊन गेले.
बाबा आता नावं विसरतात, मला कधी
यॉर्डिस म्हणतात, म्हणजे त्यांची बहीण.
गुळगुळीत फोटो हातभर लांब धरून म्हणाले,
"हा कोण? बँकेतला का?"
रवाळ फोटो मात्र चष्मा वर करून
थेट नाकाशी नेला.
"बर्फ पडत होता."
"कोरडं होतं, बाबा. हा बर्फ नाही.
उजेड कमी पडला की सेन्सर
स्वतःशीच पुटपुटतो, ते आहे हे."
"पुटपुटतो," ते म्हणाले,
आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखी मान हलवली.

मग बोट ठेवलं उजव्या कोपऱ्यात,
क्षितिजाच्या जरा खाली, एका पिवळट कणावर.
"ही टाइस्टा. इंगवाल्ड परत आला."

जेपेगमध्ये तिथे काहीच नव्हतं.
आणि टाइस्टा भंगारात निघाली
त्याला एकोणीस वर्षं झाली.

रात्री घरी तिन्ही रॉ एकावर एक ठेवले.
या कणांचा एक स्वभाव असतो:
दर फोटोत नवी जागा धरतात,
मागच्या जागेची ओळख ठेवत नाहीत.
एक तांबडा ठिपका मात्र तिन्हींत तिथल्या तिथे,
टाचणीने टोचल्यासारखा.
तो अडकलेला पिक्सेल,
कॅमेऱ्याच्या अंगावरचा तीळ.
आणि बाबांचा पिवळा कण
पहिल्यात होता,
दुसऱ्यात होता, चार पिक्सेल डावीकडे,
तिसऱ्यात आणखी तीन.

जे जागचं हलत नाही, ते कॅमेऱ्याचं.
जे उड्या मारतं, ते कुणाचंच नाही.
हे सावकाश, एकाच दिशेने सरकत होतं,
बंदराकडे.

कुणाची तरी बोट होती. कुणाची,
ते एकतीस एमबीतही मावलेलं नाही.
बंदराच्या कचेरीत नोंद असते.
दारापर्यंत गेले एकदा,
हातमोजा काढला, पुन्हा घातला.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी फोटो मागितला नाही.
सूप संपवलं, चमचा पुसला,
आणि खिडकीतल्या त्या बारा वाजताच्या निळ्याकडे बघत विचारलं,
"इंगवाल्डला काय मिळालं?"
कॉड, म्हटलं.
बराच.