घाबरं

स्वान्सीच्या बाजारात, शिंपल्यांच्या ठेल्यासमोर
रांगेत पाचवी उभी होते.
मग चौथी. मग
फरशीवर, कुणाच्या तरी ओल्या छत्रीशेजारी.

डॉक्टर म्हणाले, अँग्झायटी.
घरी काही ताण?
आहे ना, म्हटलं. कुणाला नसतो.
त्यांनी तेवढंच टाइप केलं.

मला सांगायचं होतं, घाबरं होतं मला.
घाबरते नव्हे. घाबरं होतं.
उकडतं, गरगरतं, मळमळतं, तसं.
कोण घाबरलं, हा प्रश्नच येत नाही त्यात.
इंग्रजीत शिरलं की कर्ता लागतो,
आणि पेशंटच्या खुर्चीत मीच होते.

अकरा महिन्यांनी टिल्ट टेबल.
ब्रॉनवेन नावाच्या नर्सनं पट्टे आवळले,
तांडेलचं टँडल केलं, असू दे.
आडवी होते तेव्हा नाडी बहात्तर.
उभी केली, एकशे चौतीस.
शप्पथ, मी कसलीच काळजी करत नव्हते.
तिच्या एकाच कानात डूल होतं,
दुसरं कुठे पडलं असेल, एवढंच.

मग मीठ. रोज दोन चमचे जास्तीचं,
तीन लिटर पाणी, मांडीपर्यंत घट्ट मोजे.
सासूबाईंना मालवणला फोन केला,
ज्यांनी दहा वर्षं माझी आमटी खारट ठरवली.
बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, जाग आता खाल्ल्या मिठाला.

आता नाव आहे आजाराला. फाइल आहे.
पण रांग नुसती दिसली तरी,
बसल्या जागी, रक्त पायांत उतरलेलं नसताना,
नव्वद. एकशे दहा.
ही धडधड कुणाची?
त्या डॉक्टरांना हे मी कधीच कळू देणार नाही.

निशिकांत म्हणाला, दोन्ही असेल.
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

दोन्ही आहे.

शनिवारी घडीचं स्टूल घेऊन गेले.
रांग सरकली की स्टूल सरकवायचं,
लोक बघतात, मग छतावरचा पाऊस बघतात.
शिंपल्या म्हणजे आमच्या तिसऱ्यांच्या चुलत बहिणी,
कागदी कपात, व्हिनेगर ओतून.
म्हाताऱ्यानं विचारलं, मीठ?
घाला म्हटलं. अजून. अजून थोडं.
धडधडत होतं. धडधडू दिलं.
शिंपल्या गार होत्या,
आणि खरं सांगायचं तर, खारटच.