तरीची हाक

मालवणात, एसटी स्टँडामागच्या दवाखान्यात
आरोलकर डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ गॉजमध्ये धरून पुढे ओढली
आणि म्हणाल्या, ‘ई म्हणा, बुवा.’
बारा वर्षं डबलबारीत समोरच्याला गप्प करणारा मी
एका ई-साठी घामाघूम.

मग पडद्यावर ते दिसलं.
मला वाटायचं, आत तारा असतील,
तंबोऱ्याच्या, खुंटीला पिळलेल्या.
तारा नाहीत.
शहाळं फोडल्यावर चमच्याला चिकटते ना कोवळी मलई,
तसल्या दोन कडा,
करंगळीच्या पेराएवढ्या,
ओल्या, मिटणाऱ्या, उघडणाऱ्या.

‘हे हळू दिसतंय, पण हळू नाही,’ बाई म्हणाल्या,
‘दिवा मिचकावून आम्ही फसवतो डोळ्यांना.’
काळी एकचा वरचा सा लावला
की सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर वेळा
या कडा एकमेकींवर आपटतात.
पोस्टात बसतो मी, आकडे सुटत नाहीत हातून:
तासाला दहा लाखांच्या आसपास.
एवढ्या टाळ्या आत,
आणि मी समजत होतो
टाळ्या समोरून येतात.

मधोमध, समोरासमोर, तिळाएवढे दोन दाणे.
‘घट्टे आहेत. वल्ह्यानं हाताला पडतात तसे.’
बाईंना काय ठाऊक
माझा बाप कोण ते.

लाडोबा तांडेल. आचऱ्याच्या खाडीवर
पूल व्हायच्या आधी तीस वर्षं तर त्याची.
पलीकडून कोणी ‘तरीऽऽ ओऽऽ’ केलं
की वल्हं उचलायच्या आधी सांगायचा,
ही सोनारीण, लेक बाळंत झालीय तिची;
हा तलाठी, आज उपाशी आहे.

मला त्यानंच शिकवलं, भजनाच्याही आधी:
‘बोंब मारू नको. दर्याचो आवाज जाडो आसता.
त्याच्यातसून बारीक सुई घाल.’
आणि पहाटे हाक मार म्हणायचा,
पाणी थंड असतं तेव्हा
हाक आभाळात पळत नाही,
वाकून परत पाण्यालगत येते, पैलतीरी उतरते.

आता बाई चित्र काढून दाखवतात:
कडांच्या वर, जिभेच्या मुळामागे
एक चिंचोळी खोली,
आवाजाला तिथं धार लागते, तीन हजारांच्या आसपास,
आणि माणसाचा कान
नेमका तिथंच सर्वांत जागा.
मी मान डोलावतो.
सुई, मी मनात म्हणतो.

तीन आठवडे बोलायचं नाही.
कुजबुजायचं तर मुळीच नाही, ते जास्त वाईट.
‘आणि मनातही गाऊ नका बुवा,
मनातल्या सुरालासुद्धा तिथला स्नायू ताणतो.’
बाकी सगळं जमलं. पोस्टात पाटी लिहून ठेवली,
बायको दोन दिवस रागावली, मग खूश दिसली.
पण हे शेवटचं...

रोज पहाटे पुलाखालच्या जुन्या धक्क्यावर
बापाशेजारी जाऊन बसतो.
शहाऐंशीचा आहे. कान गेले,
सगळे नाहीत: बारीक ते आधी गेलं.
नातवाची शिट्टी, सायकलची घंटी,
पलीकडे कालवं काढणाऱ्या बायांच्या हाका,
काही येत नाही त्याला.
दर्या तेवढा येतो. जाडा.

आम्ही दोघं गप्प. तो ऐकत नाही, मी बोलत नाही.
भरती लागते. शेवाळलेल्या पायरीवर
पाणी एक बोट चढतं.
पलीकडून एक पोरगा आईला हाक मारतो,
कोवळी, स्वच्छ, नाकाच्या मुळातून निघालेली,
थेट येऊन लागते मला.
मी ओठ मिटून बसलेलो. श्वाससुद्धा जपून.

बाप वळून माझ्या गळ्याकडे बघतो,
घाटी वर चढलेली,
तिथंच थरथरणारी.
वल्ह्यानं जाड झालेलं बोट तिच्यावर ठेवतो, हलकेच,
आणि विचारतो,
‘कोणाक हाक मारतस रे?’