वहीची मागची बाजू

हमरियात, एसीचं पाणी ठिबकतं त्या जिन्यावर
आमची खोली. सहा खाटा, एक शेगडी,
आणि मेसची वही माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं.

कांदा दोनशे वीस बैसा होता.
मग तिकडून बोटी थांबल्या
आणि एका शुक्रवारी तो सहाशे झाला.
दुकानदार म्हणाला, मिसरचा आहे, घ्या नाहीतर ठेवा.

मिसरचा कांदा गोड. कापताना
परकारभाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही.
गावाकडच्या पेपरात मात्र मथळा : कांद्याने रडवले.

पगार तोच. म्हणून मी आकडे असे बसवले :
तेल पाऊण. बांगडा महिन्यातून एकदा,
तोही मत्र्याचा बाजार उठताना, डोळे लाल झालेला.
अंडं दोघांत एक. त्यावरून
रोहिदास आणि भिकाजी दोन दिवस बोलले नाहीत.
कांदे रोज दोनच.
त्यातला एक परकारभाई अगदी शेवटी
वरणावर सोडत, काळपट तळून,
म्हणजे वास खाटांपर्यंत यायचा
आणि वाटायचं, आज काहीतरी आहे.

महिनाअखेर माणशी एकोणीस रियाल.
मागच्यापेक्षा दोन कमी!
महागाईत आमची मेस स्वस्त झाली.
भिकाजीनं माझी पाठ थोपटली.
त्याच्या पट्ट्याला नवं भोक होतं, खिळ्यानं पाडलेलं.

त्या रात्री वही उलटी केली
आणि मागच्या पानापासून लिहू लागलो
जे घेतलं नाही ते.
बांगडे, तीन शुक्रवार.
केळी.
रोहिदासचा दुसऱ्यांदा भात.
बेरीज कोणत्या नाण्यात करायची कळेना,
नुसती रेघ मारून ठेवली.

थंडीत बोटी आल्या.
लाल, सुका, आपला कांदा, दोनशे तीस.
जाळीची अख्खी पिशवी मी खांद्यावरून आणली.
परकारभाईंनी एक चिरला, डोळे पुसले, हसले,
दुसरा चिरला,
आणि सुरी धुवायला घेतली.
अहो, घ्या की तिसरा, मी म्हटलं.
हात पिशवीपर्यंत गेला. परत आला.

भिकाजी खाटेवरूनच म्हणाला, एकवीस नको हं.
ते दोन रियाल आता घरी जातात,
त्यावर पोरीला शिकवणी लावलीय.

पंधरा दिवसांत पिशवीतल्या कांद्यांना कोंब आले.
वही घेऊन बसलोय :
हे पुढून लिहू, की मागून?